आत्याचे डोळे आणि दोन कॅमेरे

लातूरला परतून आठवडा झाला, तरी शिक्षकखोलीत सगळ्यांचा एकच प्रश्न चालू आहे, "मॅडम, घेतला का मग कॅमेरा?" मी दरवेळी "निवांत सांगते" म्हणून वेळ मारून नेते. आज रविवार आहे, स्वयंपाक उरकलाय, घरात शांतता आहे. तेव्हा सांगूनच टाकते.

मी गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात फोटो काढते. माझा कॅमेरा अकरा वर्षांचा आहे. पकडायच्या जागचं रबर कधीच निघून गेलंय, तिथं मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. अंधार पडला की त्याच्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. म्हणून गेली दोन वर्षं मी नव्या कॅमेऱ्याचा जप करत होते. माझ्या नवऱ्याचं, नितीनचं, म्हणणं वेगळं. "त्या जुन्याला काय काय येतं, ते तू कधी विचारलंस का त्याला?" असं तो चहा पिता पिता विचारतो आणि मी चिडले की आणखी खूश होतो.

तर दिवाळीची सुट्टी लागायच्या सुमारास दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. नांदेडचे एक स्टुडिओवाले आपला नव्या धाटणीचा कॅमेरा विकायला काढताहेत असं कळलं. आणि गयाआत्याचा फोन आला. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण, अर्धापूरजवळच्या गावात राहते, सत्तरी ओलांडलेली.

"सुजे, दिवाळी झाली की माझ्या डोळ्याचं आपरेशन हाय. त्याच्या आदी येऊन माझा एक फोटू काढ. डोळे उघडे असलेला."

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या घराण्यात गयाआत्याचा डोळे उघडे असलेला एकही फोटो नाही. लग्नं, बारशी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वेळचे घोळक्यातले फोटो, सगळीकडे आत्या डोळे घट्ट मिटून उभी. मी स्वतः तिचे निदान पन्नास फोटो काढले असतील. सगळे मिटलेले! आणि दरवेळी मी दोष दिला तो बिचाऱ्या कॅमेऱ्याला. हळू आहे, वेळेवर बटण घेत नाही, वगैरे. आता नवा कॅमेरा हाती लागणार आणि तो आत्यावर चालवून बघता येणार, या विचाराने मी अशी हरखले की बॅग भरताना दोनदा चार्जर ठेवला आणि टूथब्रश विसरले.

शुक्रवार, नांदेड

बस अहमदपूर सोडून लोह्याकडे निघाली की दोन्ही बाजूंना बालाघाटचे बोडके डोंगर लागतात. सोयाबीन काढून झालेलं होतं, काळ्या रानात नुसते भुसाचे ढीग, आणि मधूनच कापूस वेचणाऱ्या बायकांच्या रंगीत रांगा. मी खिडकीतून सतरा फोटो काढले. सतराही हलले.

नांदेडला उतरल्यावर आधी गुरुद्वारात गेले, कारण भूक सडकून लागली होती आणि लंगरची डाळ मला स्वप्नातही आठवते. तिथं माझी फजिती झाली. आमच्या लातूरच्या पंगतीत "नको" म्हणणं म्हणजे "आणखी एकदा आग्रह करा". वाढप्यालाही ते ठाऊक असतं. इथं खीर घेऊन एक सरदारजी आले, मी सवयीनं ताटावर हात धरून "नको नको" म्हटलं, आणि ते "वाहेगुरू" म्हणत सरळ पुढं गेले! खिरीची बादली लांब जाताना बघत बसले. दुसऱ्या फेरीला मात्र आधीच हात पुढे करून बसले. रोटी दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची ही इथली रीत मला फार आवडते. मागितलेलं कसं घ्यावं, हे त्यात आपोआप कळतं.

मग करीमभाईंचा स्टुडिओ. एका जिन्याखाली दोन खोल्या, बाहेर नवरानवरींचे फोटो. करीमभाई साठीचे, दाढी पांढरी, चष्म्याआडचे डोळे मोठे आणि पाणीदार. त्यांनी कॅमेरा काढून माझ्या हातात दिला आणि मी लहान मुलासारखी हसायलाच लागले. काय वस्तू होती ती! समोरच्या माणसाकडे नुसता धरला की डोळ्यांवर आपोआप एक हिरवी चौकट बसते आणि माणूस हलला तरी सुटत नाही. बटण दाबून धरलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत वीस फोटो.

"हे डोळा शोधतंय ताई," करीमभाई म्हणाले. "पहिले आम्ही शोधायचो."

"मग विकताय कशाला?"

"आता कुठं फिरू लग्नांत? गुडघे नाही म्हणून राहिलेत. तुम्ही असं करा, लेके जाव. दो दिन चलाव. पसंद आला तर ठेवा, नाही तर इथंच वापस."

मी म्हटलं, काही ठेवून जाऊ का, ओळखपत्र वगैरे. त्यांनी हात झटकला. "लातूरच्या मास्तरीणबाई मेरा कॅमेरा लेके भागेंगे क्या?" अनोळखी बाईच्या हातात इतकी महाग वस्तू देऊन हा माणूस शांतपणे चहा मागवत होता. आमच्याकडे शेजारी शिडी मागायला आला तरी आम्ही कधी परत देणार ते विचारतो.

शनिवार, आत्याच्या घरी

नांदेडहून अर्धापूर म्हणजे अर्ध्या तासाचं अंतर, आणि शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. मी येतानाच ठरवलं होतं की आल्या आल्या झाडाखालचं पिकलेलं केळं खायचं. आत्याच्या सुनेला, शोभावहिनीला, तसं म्हटलं तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"पिकलेलं? ते तुमच्या लातुरात. आमच्याकडं कच्चंच तोडतेत आन ट्रकात जातंय. मला पिकलेलं खायाचं झालं तर मी नांदेडहून आणायला लावते."

त्याऐवजी मला केळफुलाची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा मिळाला. भाजीला किंचित तुरट चव होती. मी तीन भाकरी खाल्ल्या, आणि एकदाही "नको" म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर आत्या ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून खुर्चीवर येऊन बसली. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्या शेजारी मामांचा, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा, हार घातलेला फोटो. मामांना जाऊन वीस वर्षं झाली. मी नवा कॅमेरा ऐटीत वर केला.

"आत्या, एक... दोन... तीन!"

"दोन" म्हणताच आत्यानं डोळे जे मिटले ते "झालं" म्हणेपर्यंत उघडलेच नाहीत. वीस फोटो, वीसही मिटलेले. वरून ती म्हणाली, "काढला का? आवाज तर आलाच न्हाई." कॅमेरा मुका होता. मी सेटिंगमध्ये जाऊन आवाज चालू केला. पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा वीस. मग न मोजता काढायला गेले तर ती जमिनीकडे बघत बसली. "मोज की. न मोजता कामून काढायलीस?" मग पुस्तकात वाचलेली युक्ती केली, "आधी डोळे मीट, तीनला उघड." तिनं उघडले, पण असे की दारात चोर उभा असावा. वहिनीला हसू आवरेना, मलाही, आणि शेवटी आत्यालाही.

मी फोटो एकेक पुढे सरकवत बघत होते. बघता बघता माझं हसू थांबलं. डोळे मिटलेल्या त्या सगळ्या फोटोंत आत्या पुसट आली होती. आणि मागच्या भिंतीवरचे मामा मात्र लख्ख. त्यांच्या फोटोवरच्या काचेचा ओरखडासुद्धा मोजता आला असता. आत्याचे डोळे मिटलेले, म्हणून त्या शहाण्या कॅमेऱ्यानं खोलीतले दुसरे उघडे डोळे शोधले होते. भिंतीवरचे.

मी मोठ्या गमतीनं आत्याला ते दाखवलं. "बघ, माझं यंत्र मामांवर गेलं!"

आत्यानं कॅमेरा जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. मग म्हणाली, "ते डोळे त्यांचे न्हाईत."

मला कळेना. वहिनी खाली मान घालून भाजी निवडू लागली. आत्यानं सांगितलं ते असं. मामा गेले तेव्हा त्यांचा एकच फोटो हाती लागला, कुणाच्या तरी लग्नात जेवताना काढलेला, पानाकडे बघत असलेला. तो नांदेडला मोठा करायला दिला. आला तेव्हा मामा समोर बघत होते. मोठे, पाणीदार डोळे. पाहुणे म्हणाले, किती छान काढलाय.

"त्यांचे डोळे बारके होते गं," आत्या म्हणाली. "हसले की दिसायचेच न्हाईत. वीस वर्सं झाले, परक्या माणसाला हार घालून राहिले मी. माझं तसं नगं व्हायला. उद्या मी गेले तर लेकरं मिटलेला फोटू घेऊन जातील कुठंतरी, आन कुणाचेबी डोळे बसवून आणतील. माझे डोळे माझेच पायजेत सुजे."

मी त्या फोटोखालून लहानपणापासून... नाही, कॉलेजात असल्यापासून गेले आहे. मामा किती रुबाबदार दिसतात, असं मीच कितीदा म्हटलं असेल. माझे कान गरम झाले. आणि एकदम भीती वाटली, की हे मला जमलं नाही तर? वीस फोटो एका दमात काढणारं यंत्र हातात होतं, आणि हवा असलेला एक फोटो मला येत नव्हता.

रविवार, केळीची बाग

सकाळी संजयदादाच्या, म्हणजे आत्याच्या मुलाच्या, बागेत तोड होती. मी दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवून निघाले. बागेत शिरलं की उजेड एकदम हिरवा होतो आणि हवा ओली. डोक्यावर पानांचं छप्पर, पायाखाली कुजलेल्या पाल्याचा मऊ थर. मी इतकी खूश होते की पहिल्याच पाटात पाय घातला.

तोडीची रीत अशी की आत्यानं दाखवल्याशिवाय घडाला कुणी हात लावायचा नाही. ती सगळ्यांच्या पुढे चालते, मान वर करून घड बघते, बोटानं केळ्याच्या धारा, म्हणजे कडा, चाचपते. धारा बुजून केळं गोल झालं असेल तर "घे". नसेल तर "ऱ्हाऊ दे". तिच्यामागं कोयतेवाला, त्याच्यामागं खांद्यावर पोत्याची गादी घेतलेले घड उचलणारे. ही जमीन घेण्याआधी आत्यानं स्वतः दुसऱ्यांच्या बागांत पंचवीस वर्षं घड वाहिलेत.

पहिल्या घडाखाली दादा खांदा लावून उभा राहिला. कोयतेवाल्यानं कोयता उचलला आणि ओरडला, "एक... दोन..."

"तीन"ला सपकन घाव बसला. त्याच क्षणी दादानं डोळे मिटले. मागच्या तिघांनी मिटले. दहा पावलांवर उभ्या असलेल्या शोभावहिनीनंही मिटले. आणि आत्यानं तर "दोन"लाच. डोळे उघडे ठेवणारी सबंध बागेत मी एकटी, आणि वरून चिकाचा एक टपोरा थेंब माझ्या पांढऱ्या ओढणीवर पडला.

"डोळे मीट की बाई!" आत्या ओरडली. "चीक डोळ्यात गेला तर दोन दिवस काय दिसायचं न्हाई!"

मी तिथेच मटकन बांधावर बसले. चाळीस वर्षं आम्ही सगळे या बाईसमोर कॅमेरा धरून "एक, दोन, तीन" ओरडत होतो! तिच्या अंगात तीनचा अर्थ एकच होता, वरून चीक येतोय. आणि मी गणिताची बाई असून मला कधी वाटलं नाही, की चुकत असेल तर मोजणं चुकत असेल.

मग जे झालं ते फार भराभर झालं. नवा कॅमेरा मी ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवला. परक्याची वस्तू, चिकाचा डाग जन्मात निघत नाही. जुना हातात घेतला. त्याचं प्रत्येक बटण माझ्या बोटांना पाठ आहे. पहिले दोनचार फोटो आत्याचे काढले तर चेहरा पालकाच्या भाजीसारखा हिरवा. तेव्हा नितीनचा प्रश्न आठवला आणि मी पहिल्यांदा खरंच विचार केला, या कॅमेऱ्याला काय येतं? याला अंधार झेपत नाही, उजेड झेपतो. मग उजेडात जायचं. बांधाच्या कडेच्या शेवटच्या झाडाशी ऊन होतं. वहिनीला खताचं रिकामं पांढरं पोतं दोन्ही हातांनी ताणून धरायला सांगितलं, म्हणजे उन्हाचा उजेड त्यावरून उलटून आत्याच्या तोंडावर येईल. दादाला म्हटलं, "त्या झाडाचा घड घे." तो आईकडं बघू लागला. आत्यानं धारा चाचपल्या आणि म्हणाली, "घे."

मला काही मोजायचं नव्हतं. कोयतेवाला मोजत होता. एक, दोन, तीन. आत्याचे डोळे मिटले. घाव बसला, घड दादाच्या खांद्यावर आला, चीक गळून गेला. मी मनात म्हटलं, चार.

आणि आत्यानं डोळे उघडून घडाकडं पाहिलं, आपला अंदाज बरोबर निघाला का ते बघायला.

मी तीनच फोटो काढले. पहिल्यात दादाचा कान मध्ये आला. दुसरा हलला. तिसऱ्यात आत्या आहे. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, ओठाच्या कोपऱ्यात जरासं हसू, आणि दोन्ही डोळे सताड उघडे. मी बागेतच ओरडले, "आला! आला!" वहिनी पोतं टाकून पळत आली. दादा खांद्यावरच्या घडासकट वळला. रडू येतंय की हसू येतंय ते मला कळत नव्हतं, आणि दोन्ही आलं.

आत्यानं कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा उन्हापासून पदरानं झाकला आणि कितीतरी वेळ बघितलं.

"हे उजव्या डोळ्यात पांढरं काय हाय?"

"मोतीबिंदू आत्या. काढून टाकू का? संगणकावर दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावशील तर बघ," आत्या म्हणाली.

सोमवार, परत नांदेड

करीमभाईंना कॅमेरा परत दिला तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. वस्तू अप्रतिमच आहे. पण मी त्यांना सांगितलं की मी अजून जुन्यालाच पुरतं ओळखलेलं नाही. आणि बागेतला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितला. "ये लाइट कहाँ से मारा?" मी पोत्याची गोष्ट सांगितली तर ते टेबलावर हात आपटून हसले. "ताई, कॅमेरा मत लेव. महिन्यातून एकदा इथं येत जा. मी तुम्हाला उजेड शिकवतो."

मग त्यांच्याच कॅमेऱ्यानं केलेला घोटाळा दाखवावा म्हणून मी तो फोटो पडद्यावर आणला, पुसट आत्या आणि मागे लख्ख मामा. करीमभाई हसत हसत वाकले आणि त्यांनी मामांच्या तसबिरीवर बोट ठेवलं.

"हे कुठलं घर?"

"अर्धापूरकडचं. माझे मामा ते. डोळे मात्र त्यांचे नाहीत."

"नाहीतच," ते हळूच म्हणाले. "माझे आहेत."

त्या काळी फोटोवर संगणकानं काम करणारे इथं दोघंतिघंच. अर्धापूर, उमरी, हदगाव, सगळीकडून मिटलेल्या डोळ्यांचे फोटो यायचे, आणि घरचे म्हणायचे, उघडे करून द्या. दुसऱ्याचे डोळे कुणाला विचारून घ्यायचे? म्हणून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांचे फोटो काढून ठेवले होते, समोरचे, तिरके, जरा खालचे. "किती भिंतींवरून मी बघून राहिलोय ताई, मलाच माहीत नाही. वाटायचं, सवाबचं, पुण्याचं काम करतोय."

मी त्यांच्याकडं बघितलं. मोठे, पाणीदार डोळे. शुक्रवारी मी त्यांच्यासमोर बसून चहा प्याले होते, आणि मला ओळख पटली नव्हती.

आत्याला सांगावं की नाही, याचा विचार करायच्या आत मी फोन लावला होता. स्पीकर चालू होता. करीमभाई टेबलावरची कात्री उगाच इकडची तिकडे करत होते. मी सगळं सांगितलं.

"माणूस कसा हाय?" आत्यानं विचारलं.

"चांगला आहे आत्या. काही न ठेवून घेता दोन दिवस कॅमेरा दिला मला."

"हाव? मंग ऱ्हाऊ दे भिंतीवर. वीस वर्सं परका वाटायचा, आता कोण हाय ते तर कळलं." मग म्हणाली, "माझा फोटू त्याच्याकडंच मोठा करायला दे. मामांच्या शेजारी लावायचाय. पर सुजे, त्याला नीट सांग, डोळ्याला हात लावू नको म्हणावं."

करीमभाईंनी चष्मा काढला आणि फोनकडं वाकून म्हणाले, "नाही लावत, आपा."

बस लागायला वेळ होता. स्टँडसमोरच्या गाड्यावरून मी दोन पिकलेली केळी घेतली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली. ओढणीवरचा चिकाचा डाग तोवर तपकिरी झाला होता. घरी आल्यावर नितीननं बॅगेत डोकावून विचारलं, "काय मग, नवा कुठंय?" मी त्याला समोर उभं केलं, जुना कॅमेरा डोळ्याला लावला आणि सांगितलं, "हसू नको, काही करू नको. मी चारपर्यंत मोजणार आहे."